क्वेकरांच्या आवारात भरणारी बालवाडी : तुमचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात फिलाडेल्फियाकडच्या आउटडोअर प्रीस्कूलबद्दल, म्हणजे अख्खी सकाळ उघड्यावरच भरणाऱ्या बालवाड्यांबद्दल लिहिलं होतं. त्यात जाता जाता एक वाक्य होतं, की यातल्या काहींना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या मीटिंग हाऊसच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, आवारात जागा मिळते आणि दोघं मिळून ती वापरतात. बस्स, त्या एका वाक्यावरच सगळ्या मेल आल्या, बाकीचा लेख कुणी वाचला की नाही देव जाणे. त्यातल्या निवडक घेतल्यात, थोडी कापाकापी केलीय, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीयत.

ताई, नमस्कार. आम्ही फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहतो. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, तिची आउटडोअर प्रीस्कूल आतापर्यंत पार्कात भरायची, सप्टेंबरपासून ती एका क्वेकर मीटिंग हाऊसच्या आवारात जाणार आहे. मी जाऊन बघून आले. आत ना क्रॉस, ना मूर्ती, ना मेणबत्ती, नुसते लाकडी बाक. पण आवारातच दफनभूमी आहे! सासूबाईंनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, पोरीला मसणात खेळायला पाठवायचं नाही. नवऱ्याचं वेगळंच, तो म्हणतो चर्चवाले आहेत, हळूहळू येशू शिकवतील. मला शाळा आवडलीय हो, पण घरात दोन्ही बाजूंनी ऐकून घेते आहे. हे लोक नक्की करतात काय?
— एक आई

आधी नवऱ्याचं उत्तर देते कारण ते सोपं आहे. क्वेकर म्हणजे रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स, सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसाबरोबर सुरू झालेला पंथ. तिकडे छळ व्हायला लागला, तुरुंगात टाकायला लागले, मग १६८१ साली विल्यम पेन या क्वेकर माणसाला राजाकडून इकडची जमीन मिळाली आणि तिचं पेनसिल्व्हेनिया झालं. म्हणजे तुम्ही राहता ते राज्यच मुळात त्यांनी वसवलेलं आहे, म्हणून तुमच्याकडे दर दोन गावांआड एक दगडी मीटिंग हाऊस दिसतं. तुमच्या बाजूचे बहुतेक क्वेकर रविवारी तासभर गप्प बसतात, एवढीच त्यांची उपासना. पाद्री नाही, प्रवचन नाही, बाजा नाही. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलंच तर तो उभा राहतो, दोन-चार वाक्यं बोलतो, बसतो. कधी कधी तासभर कुणीच बोलत नाही. तासाच्या शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवतात आणि कॉफीला पळतात. सगळेच क्वेकर असे आहेत असं समजू नका हं, जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत आणि तिकडे पाद्री, गाणी, प्रवचन सगळं जोरात चालतं. पण तुम्ही बघून आलात ते नुसत्या बाकांचं घर म्हणजे गप्प बसणाऱ्यांचंच.

आता धर्म शिकवतील का? इथे एक गोष्ट नीट विचारून घ्या, ती म्हणजे शाळा मीटिंगची, म्हणजे तिथे जमणाऱ्या क्वेकर मंडळींची, स्वतःची आहे की फक्त भाडेकरू आहे. दोन्ही प्रकार असतात. फ्रेंड्स स्कूल म्हणतात त्या क्वेकरांच्या स्वतःच्या शाळा, फिलाडेल्फियातली विल्यम पेन चार्टर तर १६८९ पासूनची आहे, वॉशिंग्टनमधली सिडवेल फ्रेंड्स म्हणजे ओबामांच्या मुली जायच्या ती. अशा शाळांत आठवड्यातून एकदा मुलांना शांत बसवतात, तो त्यांच्या दिनक्रमाचाच भाग असतो आणि ते कुणी लपवत नाही. पण तुमची शाळा पार्कातून उठून इथे येतेय म्हणजे बहुतेक भाडेकरूच असणार, आणि मग मीटिंगचा तिच्या शिकवण्याशी काही संबंध नाही. तरी विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा.

राहिली दफनभूमी. सासूबाईंची काळजी खोटी नाही, आपल्याकडे लहान मुलाला तिन्हीसांजेला तिकडून नेतसुद्धा नाहीत, सत्तर वर्षं मनात बसलेलं तुमच्या एका लेक्चरने निघणार नाहीये, तेव्हा वाद घालू नका, सरळ गाडीत बसवा आणि दाखवून आणा. तिथे काही भीतीदायक दिसत नाही. मोठी थडगी नाहीत, पुतळे नाहीत, गुडघ्याच्याही खाली असलेले साधे दगड, त्यावर नाव आणि साल, बाकी हिरवळ. जुन्या क्वेकरांना मेल्यानंतरचा बडेजाव पटायचाच नाही, सुरुवातीला तर कित्येक जण थडग्यावर दगडही ठेवायचे नाहीत.

आणि नेमकी यातूनच तुम्ही शाळेला विचारायची गोष्ट निघते. जुन्या आवारात दगड दिसत नाही म्हणजे खाली कुणी नाही असं धरून चालत नाही. आउटडोअर शाळेत खड्डे खणणं हा तर मुख्य विषय! तेव्हा खणायची जागा, मातीचं स्वयंपाकघर वगैरे कुठे असणार ते मीटिंगकडचा जुना नकाशा काढून ठरवलंय का, हे विचारा. दगडांवर चढायचं नाही हा नियम असणारच, कारण जुने दगड हलतात आणि पायावर पडतात. अजून एक विचारा, दफनविधी असेल त्या दिवशी मुलं कुठे असतात? चांगल्या ठिकाणी हे आधीच ठरलेलं असतं, त्या दिवशी शाळा जवळच्या पार्कात भरते किंवा सुट्टी देतात. "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर समजा की अजून दोघं नीट बोललेलेच नाहीत.

नमस्कार. मी मूळचा डोंबिवलीचा, इथे बायको आणि मी गेली बरीच वर्षं गावातल्या क्वेकर मीटिंगला जातो, आता तर मला प्रॉपर्टी कमिटीवर घेतलंय. एका आउटडोअर प्रीस्कूलने आमचं आवार आठवड्यातले ४ दिवस सकाळी मागितलंय. आम्ही मोजकी माणसं, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे, छताचं काम तोंडावर आलंय, तेव्हा भाड्याची गरज आहेच. पण दोन महिने झाले, बिझनेस मीटिंगमध्ये निर्णयच होत नाही. एक आजीबाई म्हणतात गवत जाईल आणि शांतता पण जाईल. आपल्या सोसायटीत असतं तर हात वर करून पाच मिनिटांत संपवलं असतं. यांना मतदान का नको असतं? आणि समजा ठरलंच तर करारात काय काय घालायचं?
— प्रॉपर्टी कमिटीवाला

डोंबिवलीच्या सोसायटीत पाच मिनिटांत संपतं आणि मग पाच वर्षं कोर्टात चालतं, ते पण सांगा की राव!

तुम्ही इतकी वर्षं जाताय म्हणजे माहीत असेलच, पण बाकी वाचकांसाठी सांगते. क्वेकरांकडे मतदान नसतं. महिन्यातून एकदा कामकाजाची मीटिंग, ती पण शांत बसून सुरू होते, एक क्लार्क असतो, तो सगळ्यांचं ऐकून कल कुठे जातोय ते शब्दांत मांडतो, लोकांना पटलं तर तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतात आणि तो निर्णय. एखाद्याला पटलं नसेल पण अडवायचंही नसेल तर तो म्हणतो मी बाजूला होतो, तेही लिहिलं जातं. हे हळू चालतं, वैताग येतो, मान्य. पण प्रीस्कूलसारख्या गोष्टीत हा हळूपणा उपयोगी पडतो असं माझं मत आहे, कारण नऊ विरुद्ध आठ मतांनी आत आलेल्या शाळेला त्या आठ जणांसोबत वर्षभर एकच संडास वापरायचा असतो.

तर आजीबाईंना पटवायच्या मागे लागू नका, त्यांना नेमकं काय काय वाटतं ते विचारा. गवत म्हणजे कुठलं गवत? मोठ्या ओक झाडाखालचं असेल तर त्यांचं बरोबरच आहे. रोज वीस पोरं एकाच जागी नाचली की माती दगडासारखी घट्ट होते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि तीनशे वर्षांचं झाड काही वर्षांत वाळायला लागतं. त्यावर उपाय आहेत, मुळांवर लाकडाच्या चिपांचा जाड थर घाला, बसायची जागा दर काही आठवड्यांनी हलवा, एखादा तुकडा वर्षभर बंद ठेवा. शांततेचं म्हणाल तर शाळा आठवड्यात, तुमची शांतता रविवारी, इथे भांडण नाहीच. पण बुधवारी दुपारी त्या आजीबाई नवऱ्याच्या थडग्यापाशी येऊन बसत असतील तर? असं काहीतरी निघतं बघा, आणि ते कामकाजाच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. निर्णय न घेता नुसतं मन मोकळं करायची वेगळी बैठक क्वेकरांकडे असते, थ्रेशिंग सेशन म्हणतात, ती एक लावा, शाळेच्या बाईंनाही बोलवा. आणि प्रस्ताव कायमचा न ठेवता एका वर्षाचा ठेवा, "जूनमध्ये परत बसून बघू" म्हटलं की निम्मा विरोध आपोआप मऊ होतो.

आता करार. मी स्वतः क्वेकर नाही, बालवाडीच्या बाजूने अशा टेबलांवर बसलेय, तेव्हा माझा कल कुठे असेल ते लक्षात घेऊनच वाचा. माझं सरळ म्हणणं असं आहे की जागा वाटून घेणं बिघडतं ते धर्मावरून किंवा मुलांच्या आरडाओरड्यावरून क्वचितच, ते बिघडतं कपाट, संडास, चावी आणि बर्फ यावरून. दोन्हीकडची माणसं चांगली असतात, गोड बोलतात, त्यामुळे काहीच लिहून ठेवत नाहीत, आणि मग फेब्रुवारीत तोंडं फिरतात.

कपाटापासूनच सुरू करते. उघड्यावरच्या शाळेला सामान लागत नाही असं वाटतं ना? साफ चूक! ताडपत्र्या, दोऱ्या, फावडी, पाण्याचे कॅन, फर्स्ट एड, प्रत्येक मुलाचे जादा कपडे, आणि हातमोजे. हातमोज्यांचं काय सांगू, जानेवारीत एखाद्या शुक्रवारी दुपारी मीटिंग हाऊसमध्ये जाऊन बघा, दोनशे वर्षांच्या बाकांच्या पाठीवर ओळीने छोटे छोटे ओले हातमोजे टाकलेले, खाली लाकडी फरशीवर पाण्याची तळी, आणि रविवारी कुणीतरी वयस्कर गृहस्थ डोळे मिटून बसायला जातात ते नेमके पोरांनी मांडलेल्या एकॉर्नच्या, म्हणजे ओकच्या फळांच्या, रांगेवर. पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्यांदा ईमेल येते. म्हणून शाळेचं सामान कुठल्या शेडमध्ये, ओलं कुठे वाळवायचं, मुख्य खोलीत चिखलाचे बूट चालणार की नाही, शुक्रवारी किती वाजेपर्यंत सगळं उचललेलं असेल, हे सगळं लिहा. जुन्या मीटिंग हाऊसांना घोडागाड्या उभ्या करायच्या लांबलचक शेड असतात, शाळेला त्या फार आवडतात, पावसात उत्तम. पण आधी रंग तपासा. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं घालायला १९७८ मध्ये बंदी आली, तुमची शेड त्याच्या कितीतरी आधीची, रंगाचे पोपडे पडलेली भिंतीकडची माती लहान मुलांच्या तोंडात जाते. मातीची चाचणी फार महाग नसते, करून टाका.

पाणी गावाच्या नळाचं आहे की विहिरीचं? विहिरीचं असेल तर हा मुद्दा नीट वाचा, कारण फारच थोड्यांना माहीत असतो. एखाद्या ठिकाणचं पाणी वर्षात निदान ६० दिवस २५ किंवा जास्त माणसांना पुरवलं जात असेल तर फेडरल नियमांनुसार ती सार्वजनिक पाणीपुरवठा योजना धरली जाऊ शकते, मग नियमित चाचण्या, कागदपत्रं, सगळं मागे लागतं. रविवारच्या पंधरा माणसांना हा नियम लागत नव्हता, पण २० मुलं आणि ५ शिक्षिका आठवड्यात ४ दिवस येणार म्हटल्यावर हिशोब बदलला. शाळेने नुसतं "आम्ही पाणी घरून आणतो" म्हणून भागणार नाही, हात धुवायला आणि संडासला तेच पाणी. राज्याच्या पर्यावरण खात्याला सही करायच्या आधी फोन करा. सेप्टिक टँकचंही तसंच, तो कधी उपसला होता आणि यापुढे पैसे कोण देणार.

झाडं. तुमच्याकडे ॲश असतील तर त्या बहुतेक मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या असतील, एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला, तेव्हापासून त्याने झाडं साफ केलीत. मेलेली ॲश फार लवकर ठिसूळ होते, वारा नसतानाही फांदी पडते. रविवारी त्याखालून कुणी दोन मिनिटं जातं, मुलं मात्र तीन तास बसणार. सुरुवातीला आणि मग दर वर्षी आर्बोरिस्टकडून, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाकडून, तपासणी, आणि त्याचं बिल कुणाचं, हे करारात हवंच. माझ्या मते तपासणी निम्मी निम्मी आणि झाड तोडायचा खर्च मालकाचा, पण तुम्ही ठरवाल ते.

बर्फ. शाळा साडेआठला, तुमचा बर्फ काढणारा माणूस येतो रविवारी. मंगळवारी सकाळी वाट कोण साफ करणार आणि मीठ कोण टाकणार? घसरून पडलं तर विमा कुणाचा? शाळेने स्वतःचा लायबिलिटी विमा, म्हणजे कुणाला इजा झाली तर भरपाईचा विमा, घ्यायचा आणि त्यात मीटिंगचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून घालायचं, म्हणजे तो मीटिंगलाही लागू होतो, त्याचं सर्टिफिकेट दर वर्षी तुमच्या फायलीत. तुमच्या विमा कंपनीलाही कळवा. आणि तुमची जागा धार्मिक म्हणून प्रॉपर्टी टॅक्समधून सुटलेली असेल, भाडेकरू आला की, विशेषतः नफ्यासाठी चालणारा, काही ठिकाणी तेवढ्या भागावर टॅक्स लागू शकतो, हे वकिलाला विचारूनच भाडं ठरवा. भाड्याबद्दल एवढंच म्हणेन, दयाळूपणाने फुकट देऊ नका. हीटिंग, वीज, टॉयलेट पेपर, साफसफाई यांचा खरा आकडा काढा, तो शाळेला दाखवा, मग वाटलं तर सूट द्या. सूट दिलीय हे दोघांना माहीत असलेलं बरं.

तुमच्याकडे बाकी कोण येतं? मीटिंग हाऊसमध्ये कुठे संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांचा गट जमतो, कुठे मतदान केंद्र असतं, आणि निवडणूक म्हणजे मंगळवार, म्हणजे शाळेचा दिवस. एकच कॅलेंडर ठेवा, त्यावर लिहायचा हक्क दोघांना. मुलांच्या सुरक्षेचं, पेनसिल्व्हेनियात मुलांशी थेट संबंध येणाऱ्या माणसांना तीन तपासण्या लागतात, राज्य पोलीस, बालशोषण नोंद आणि एफबीआय, त्या दर पाच वर्षांनी नव्याने. मीटिंगमधले कुणी आजोबा रोज बागकामाला येऊन पोरांशी गप्पा मारणार असतील तर त्यांच्याही करा, किंवा सरळ नियम ठेवा की शाळेच्या वेळात मीटिंगचं कुणीही एकटं मुलांजवळ नसेल. अपमान वाटून घेऊ नका, शाळेला हे विचारावंच लागतं. दोन्हीकडचा एकेक माणूस ठरवा आणि महिन्यातून एकदा, तक्रार असो-नसो, अर्धा तास बसा.

मी सांगलीची, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत सहा महिने. नातू अशाच शाळेत जातो. धो धो पावसात पण बाहेर! परवा त्याच्या मानेवर गोचीड निघाली, सुनेने चिमट्याने काढली आणि म्हणाली काही नाही आई. मला रात्रभर झोप नाही. आमच्याकडे गोचीड गुरांना होते. एवढं मोठं मीटिंग हाऊस बाजूला रिकामं असताना पोरांना पावसात का ठेवतात?
— एक आजी

काकू, तुमच्या सुनेने अगदी बरोबर केलं. बारीक टोकाचा चिमटा, त्वचेला लागून पकडायचं, सरळ वर ओढायचं, पिळायचं नाही, व्हॅसलीन नाही, काडी पेटवून चटका तर अजिबात नाही. तिकडच्या काळ्या पायांच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो, पण ती साधारण दिवसभराहून जास्त चिकटून राहिली तरच धोका वाढतो, म्हणून रोज घरी आल्यावर अंग तपासणं हाच खरा उपाय. काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत, चड्डीच्या इलॅस्टिकखाली. मे-जूनमध्ये पिल्लं असतात, ती खसखशीच्या दाण्याएवढी, चष्मा लावून बघा. हे काम तुम्हीच घ्या अंगावर, आजीइतकं बारकाईने कुणी बघत नाही. पुढच्या महिनाभरात लाल चट्टा पसरताना दिसला, विशेषतः गोल चक्रासारखा, किंवा ताप आला, तर डॉक्टर.

दुसरी गोष्ट पॉयझन आयव्ही, तीन पानांची वेल. हिचं तुम्हाला लगेच कळेल, ती आपल्या बिब्ब्याच्या घराण्यातलीच, आंबा-काजूही त्याच कुळातले. बिब्बा उततो तसंच ही उतते, चीक लागला की फोड आणि खाज. साबणाने लगेच धुवायचं, कपडेही. वेल जाळायची मात्र कधीच नाही, धूर फुप्फुसात जातो. ज्यांना हिची ॲलर्जी असते त्यातल्या काहींना आंब्याच्या सालीनेही ओठाला चट्टे येतात, तेव्हा नातवाला बाठ चोखायला देताना लक्ष ठेवा.

पावसाचं म्हणाल तर भिजतो तो रेनसूट, आतला पोरगा नाही. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, सुती बनियन नको, सुती ओलं झालं की अंग गार पाडतं. आणि मीटिंग हाऊस त्यासाठीच आहे की! गडगडाट ऐकू आला की आत, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी बाहेर. जोराचा वारा असेल तर झाडांमुळे आत. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर इकडे आला होता, आकाश नारिंगी झालं होतं, तेव्हा उघड्यावरच्या शाळांना कळलं की चार भिंती जवळ असणं किती सोयीचं. शाळेला लेखी विचारा, हवा किती खराब झाली, थंडी किती पडली की आत नेता. आकडा असायला हवा.

हे सगळं पाश्चात्त्य फॅड नाही का? आपल्याकडे पोरं उघड्यावरच वाढली, त्याची फी कुणी घेतली नाही.
— नाशिकहून एक वाचक

फीबद्दल तुमच्याशी सहमत, भरपूर आहे. फॅड मात्र म्हणणार नाही, डेन्मार्कमध्ये हे १९५० च्या दशकापासून आहे, जर्मनीत फ्लेन्सबुर्गच्या जंगलातल्या बालवाडीला १९९३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१७ ला प्रयोग सुरू केला आणि २०२१ मध्ये परवान्याचा कायमचा कायदा केला. आणि आपल्याकडे नुसती पोरं उघड्यावर वाढली असंही नाही, आपल्याकडे विचार करून केलेलं काम आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, तिथे गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा निघाली, गुरं चरतायत आणि शाळा चाललीय. तिथे इमारत नव्हती म्हणून बाहेर, इथे इमारत असून बाहेर, हा फरक आहे खरा. पण क्वेकरांचं म्हणाल तर तेही आपल्याला अगदीच परके नाहीत, मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिका आपल्या वर्ध्याच्या सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणाच्या कामात होत्या. म्हणजे गप्प बसणारी माणसं आणि उघड्यावरची शाळा यांची गाठ विदर्भात पडून गेलेली आहे.

मुलाच्या शाळेमुळे तिथल्या मीटिंगने आम्हा पालकांना रविवारी बोलावलंय, नंतर पॉटलक आहे, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचा. क्वेकर नसताना गेलं तर चालतं का? काय घालायचं, काय न्यायचं?
— न्यू जर्सीहून

चालतं. साधे कपडे, जीन्स पण चालते. आत जाऊन कुठल्याही बाकावर बसा, फोन बंद. मुलं सहसा पहिली किंवा शेवटची पंधरा मिनिटं मोठ्यांबरोबर बसतात, बाकी वेळ त्यांचा वेगळा वर्ग असतो, तेव्हा तुमचा मुलगा बडबड करेल म्हणून घाबरू नका, आणि केलीच तर कुणी वळून बघणार नाही. दान मागत नाहीत, नाव नोंदवायला लावत नाहीत.

पॉटलकला काहीही न्या, पण स्वयंपाकघर शाळा आणि मीटिंग मिळून वापरतात ना, तर ॲलर्जीमुळे शाळेत दाणे-नट्स आणायचे नाहीत असा नियम असेल, तर तो रविवारीही लागू आहे का ते आधी विचारा. ओटा तोच, डबे तेच, आणि सोमवारी सकाळी तिथेच मुलांचे डबे उघडणार. म्हणजे साबुदाणा खिचडी नको, पोह्यांत दाणे नकोत, कोशिंबिरीत कूट नको. दडपे पोहे बिनदाण्याचे करा, वर ओलं खोबरं भरपूर, आणि भांड्याला चिठ्ठी लावा, नारळ आहे, दाणे नाहीत, तिखट आहे. तिखट आहे हे ठळक अक्षरात.